मदत हवी आहे: नगरपरिषदेचं अंदाजपत्रक वाचायचं कसं? (शासनाचा निधी किती येईल याची खात्री नाही)

कॅशियरताई

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या निवडणुकीत पहिल्यांदाच निवडून आले आहे. क वर्ग नगरपरिषद आहे, गावाचं नाव देत नाही, समजून घ्या. येत्या शनिवारी २०२६-२७ च्या अंदाजपत्रकाची विशेष सभा आहे. काल संध्याकाळी शिपाई ११२ पानांचं पुस्तक घरी देऊन, सही घेऊन गेला. झेरॉक्स इतकी फिकट आहे की ३ आणि ८ सारखेच दिसतात.

पतसंस्थेत अकरा वर्षं कॅशियर होते, त्यामुळे जमा-नावे कळतं. पण आमच्याकडे संध्याकाळी पेटीतली रोकड आणि वहीतली शिल्लक जुळल्याशिवाय घरी जाता यायचं नाही. इथे पेटी कुठे आहे तेच सापडत नाहीये.

पुस्तकात शेवटी ४ लाखांची शिल्लक दाखवली आहे. जमा बाजू ६८ कोटी. त्यात घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं सगळं मिळून ५ कोटीसुद्धा होत नाही. बाकी सगळं 'शासन अनुदान'. पान ४१ वर 'वैशिष्ट्यपूर्ण योजना' आहे, म्हणजे विशेष कामांसाठीचं राज्याचं अनुदान. चालू वर्षाचा मूळ अंदाज ५ कोटी, डिसेंबरअखेर प्रत्यक्ष जमा निरंक, आणि पुढच्या वर्षीचा अंदाज पुन्हा ५ कोटी! लेखापालांना विचारलं तर म्हणाले, "मॅडम, लेखाशीर्ष उघडं ठेवावं लागतं. उद्या निधी आला आणि तरतूदच नसली तर खर्च कसा करायचा?" हेही पटलं.

मग वाचायचं काय? पाणीपुरवठा, आरोग्य, बांधकाम, विद्युत, प्रत्येक विभागाने मागणी वाढवून दिली आहे. निधी आला नाही तर आधी कुणाला कात्री लागणार, हे पुस्तकात कुठेच लिहिलेलं नाही. ज्येष्ठ सदस्य म्हणतात, "अंदाजपत्रक हे अंदाजच असतं, हात वर करायचा आणि नाश्ता करून घरी जायचं." चार दिवस आहेत. कुठून सुरुवात करू?

पारावरचा

ताई, आधी अभिनंदन. नगरसेवकाने पुस्तक उघडल्याची आमच्या तालुक्यातली ही पहिलीच घटना असावी. बाकी निधीचं विचाराल तर सगळा 'लाडक्या बहिणी'कडे गेला असं आमच्या टपरीवरचं मत आहे.

निवृत्त_लेखापाल

टपरीवरचं मत टपरीवर ठेवू. अनुदान २०२४ च्या आधीही वेळेवर येत नव्हतं. तीस वर्षांत ३१ मार्चच्या रात्री बीडीएसवर, म्हणजे शासनाच्या निधी वाटपाच्या संगणक प्रणालीवर, निधी आला का ते बघत किती वेळा जागलो, त्याची गणती नाही.

कॅशियरताई, पेटी शोधताय ना? मग पुस्तक बाजूला ठेवा आणि उद्या लेखा विभागाला लेखी पत्र द्या. बँकनिहाय शिल्लक मागा, म्हणजे कोणत्या खात्यात किती आणि ते खातं कोणत्या योजनेचं. ठेकेदारांच्या अनामत रकमांची यादी मागा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मंजूर होऊन न दिलेल्या देयकांची यादी. पत्राची पोच घ्या, नुसतं तोंडी विचारलं की 'देतो मॅडम'.

'आरंभीची शिल्लक' म्हणून जो आकडा पहिल्या पानावर असतो तो पाहून नवे सदस्य खूश होतात. त्यातला मोठा भाग योजनांचा अखर्चित निधी आणि लोकांच्या अनामती असतो. त्यातून घंटागाडीचं बिल देता येत नाही. द्यायला नको असं म्हणू, कारण तात्पुरतं वळवून देणारे मी पाहिले आहेत, आणि तो खड्डा भरताना पुढच्या तिघांची सेवा संपलेली पाहिली आहे.

आता अनुदानं. सगळ्यांना एका मापाने मोजू नका. सहाय्यक अनुदान पगाराचं. १९९९ मध्ये नगरपरिषदांची जकात गेली, तिच्या बदल्यात हे सुरू झालं. उशिरा येतं, पण येतं. मुद्रांक शुल्कातला १ टक्का वाटाही येतो, गावात खरेदीखतं किती झाली त्यावर कमी-जास्त. ही दोन्ही गेल्या तीन वर्षांच्या प्रत्यक्ष जमेच्या सरासरीने धरा, मूळ अंदाजाने नको.

केंद्राच्या वित्त आयोगाच्या निधीचं प्रकरण वेगळं. पंधराव्या आयोगाचा काळ ३१ मार्च २०२६ पर्यंतचा, १ एप्रिलपासून सोळावा. पंधराव्यात तुमच्यासारख्या शहरांना ६० टक्के निधी बंधित, म्हणजे ठरलेल्या कामांनाच वापरायचा होता, त्यातला निम्मा पिण्याच्या पाण्याला आणि निम्मा स्वच्छतेला. लोकनियुक्त मंडळ नाही म्हणून राज्यातल्या कित्येकांचे हप्ते अडकले. तुमच्या पुस्तकात नव्या वर्षाचा आकडा कसा काढलाय ते विचारा. बहुधा जुनाच आकडा दहा टक्के वाढवून टाकला असेल.

राहिला योजनांचा निधी: वैशिष्ट्यपूर्ण, नगरोत्थान, रस्ता अनुदान, जिल्हा नियोजन. हा हातात शासन निर्णय आणि खात्यात पैसे असे दोन्ही असेपर्यंत शून्य समजा. लेखापाल खोटं बोलले नाहीत, लेखाशीर्ष उघडं ठेवावंच लागतं. पण त्यासाठी हजार रुपयांची टोकन तरतूद पुरते, ५ कोटी लागत नाहीत. ५ कोटी लिहिले की कुणाच्या तरी प्रभागात नारळ फुटतो.

महापालिकावाला

आमच्याकडे थोडं बरं आहे. जीएसटीत एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला त्याची भरपाई महापालिकांना मिळते, २०१७ च्या कायद्याने, २०१६-१७ हे पायाभूत वर्ष आणि दरवर्षी ८ टक्के वाढ. आमचे पगार त्याच्यावर निघतात. ताईंच्या सहाय्यक अनुदानाला अशी कायद्यात बांधलेली वाढ आहे असं समजून हिशेब करू नये.

पंपहाऊस

मी पाणीपुरवठ्यात आहे, त्यामुळे आमच्या खात्याची बाजू मांडते. कात्री लावायची म्हटलं की सगळे दुरुस्ती-देखभालीवर येतात, कारण तिथे कुणाचा फोटो लागत नाही. ताई, एक करून बघा: पाणीपट्टीची प्रत्यक्ष वसुली एका बाजूला आणि पंपांचं वीजबिल, तुरटी, क्लोरीन, व्हॉल्व्हमनचे पगार दुसऱ्या बाजूला. वसुली लिहिताना मागणीचा, म्हणजे आकारलेल्या पट्टीचा, आकडा घेऊ नका. मागणी-वसुली-बाकीचं पत्रक मागा आणि त्यात जुनी थकबाकी आणि चालू मागणी वेगळी करून घ्या. आमच्याकडे उन्हाळ्यात राखीव पंप जळला आणि रिवाइंडिंगला तरतूद नाही म्हणून आठ दिवस गाव टँकरवर होतं. त्याच वर्षी स्वागत कमान झाली. कमान चांगली आहे, खाली टँकर उभे राहतात.

कॅशियरताई

सगळ्यांचे आभार. काका, तुमच्या सांगण्याप्रमाणे पत्र दिलं. पोच मागितली तर कारकून आधी दचकलाच, पण लेखापाल माणूस सरळ निघाले. त्यांनी दाराआड बोलावून यादी दिली आणि म्हणाले, "चार वर्षं प्रशासक होते, कुणी मागितलंच नाही."

सतरा बँक खाती आहेत. आरंभीची शिल्लक ९ कोटी ४० लाख. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसून एकेक खातं वेगळं लिहिलं. योजनांचा निधी आणि अनामती काढल्यावर नगरपरिषदेचे स्वतःचे म्हणावेत असे ५८ लाख उरले. न दिलेली देयकं १ कोटी ९० लाखांची, त्यात घंटागाडीच्या ठेक्याचे चार महिने. म्हणजे वर्ष सुरू व्हायच्या आधीच आम्ही १ कोटी ३२ लाखांनी खाली, आणि पुस्तक म्हणतंय ४ लाख शिलकीत. पतसंस्थेत असं निघालं असतं तर मला रात्री घरी सोडलं नसतं.

प्रश्न असा की सभेत करू काय? सगळं नामंजूर म्हटलं तर पगार अडतील आणि गावभर 'हिने कामं अडवली' होईल.

निवृत्त_लेखापाल

नामंजूर म्हणू नका. लेखी उपसूचना द्या, म्हणजे प्रस्तावात बदल सुचवा, आणि ती इतिवृत्तात घ्यायला लावा. मागण्या दोनच ठेवा, जास्त ठेवल्या की चर्चा फाटते. पहिली: योजनेच्या कामाचा कार्यादेश निधी खात्यात जमा झाल्यावरच. प्रशासकीय मान्यता आली म्हणजे पैसे आले असं नाही, या फरकावरच ठेकेदारांची आणि नगरपरिषदांची घरं बुडाली आहेत. दुसरी: दर तीन महिन्यांनी प्रत्यक्ष जमा सभेपुढे, आणि जमा कमी पडली तर आधी थांबायची कामं कोणती, ते आजच ठरवून ठेवायचं.

योजनांतला नगरपरिषदेचा हिस्साही बघा. योजना मंजूर झाली की पेढे वाटतात, हिस्सा मात्र त्याच ५८ लाखांतून जातो.

कलम_वाचक

उपसूचनेची भाषा साधी ठेवा. बेकायदा वाटणारा ठराव १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमाच्या कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी थांबवू शकतात. आणि दिव्यांग, महिला-बालकल्याण, दुर्बल घटक यांच्या प्रत्येकी ५ टक्क्यांना हात लावू नका. तो पैसा स्व-उत्पन्नातला आहे, शासनाचा निधी आला नाही हे कारण तिथे चालत नाही. गेल्या वर्षी त्यातलं प्रत्यक्ष किती खर्च झालं, ते मात्र जरूर विचारा.

पारावरचा

नाश्त्याला काय होतं तेही कळवा.

कॅशियरताई

कळवते. उपसूचना लिहून झाली, दीड पानाची. पंपहाऊसताई, राखीव पंपाच्या दुरुस्तीला ६ लाख वेगळे मागितले आहेत, सभागृहाच्या रंगकामातून काढून. तीन सदस्यांनी सही केली, चौथ्या वहिनी म्हणाल्या, "आधी ह्यांना विचारते." शनिवारी अकराला सभा आहे. पान ४१ वर चिठ्ठी लावून ठेवली आहे, आणि फिकट आकड्यांवर निळ्या पेनने पुन्हा गिरवलंय, म्हणजे वाचताना ३ चे ८ व्हायला नकोत.