अंडरविंग पतंगाला मराठीत काय म्हणायचं?

रानभूल: एका निसर्गपुस्तिकेचं भाषांतर चाललंय, विषय अंडरविंग मॉथ म्हणजे कॅटोकाला. मी "मागच्या पंखांवर लाल रंग" लिहिलं होतं, तपासणाऱ्यांनी सगळीकडे "पंखांच्या खालच्या बाजूस" करून परत पाठवलं, का तर मूळ शब्दात अंडर आहे. पण त्याने अर्थच बदलतो ना. हा पतंग बसला की पुढची राखाडी पंखांची जोडी मागच्या जोडीला पूर्ण झाकते, सालीवर डोळ्यासमोर असून दिसत नाही. रंग आहे तो झाकलेल्या जोडीच्या वरच्या बाजूला. वाचणारा पंखाचं पोट बघत बसेल आणि ओळख चुकेल. सुटसुटीत शब्द सुचवा.

पश्चिमवारा: पश्चपंखी. अग्रपंख, पश्चपंख हे शब्द आहेतच की, नवीन कशाला पाडायचे?

मुरमाड: पश्चपंख सगळ्याच पतंगांना असतात, मग नाव म्हणून त्याचा काय उपयोग? शिवाय बोलताना पश्चपंख कोण म्हणतं? माझं मत "अस्तरपंखी"ला. बाहेरून साधं कापड आणि आत लालभडक अस्तर, पतंग अगदी तसाच आहे, ऐकणाऱ्याला समजावून सांगावं लागणार नाही.

पश्चिमवारा: अस्तर फारसी आहे. शास्त्रीय नावाला संस्कृत घडण असली की त्यातून पुढचे शब्द तयार होतात, म्हणून आग्रह.

मुरमाड: फारसी होता. शिंप्याकडे जाणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडात आहे तो, आता मराठीच. आणि संस्कृतच धरायचं तर "पतंग"सुद्धा नेमका कुठे आहे, पत् म्हणजे उडणे, त्यावरून पक्ष्यालाही पतंग म्हणायचे आणि सूर्यालाही.

उंबरठा: कॅटोकाला हे नावच बघा की. ग्रीकमध्ये काटो म्हणजे खाली आणि कालोस म्हणजे सुंदर, श्रांक या निसर्गअभ्यासकाने १८०२ मध्ये दिलं. म्हणजे "खाली" त्यांच्याकडेही आहे, फक्त ते बसलेल्या पतंगाच्या हिशोबाने. मला मात्र जातींची नावं जास्त आवडतात, सगळं लग्नघर आहे. लिनियसने १७६७ मध्ये लाल पंखवालीला नुप्टा म्हटलं म्हणजे नवरी, दुसरीला स्पॉन्सा म्हणजे वाग्दत्त वधू. पुढे अमेरिकेतल्या काळ्या मागच्या पंखांच्या जातीला नाव मिळालं विदुआ, आणि लॅटिन विदुआ व आपला विधवा हे एकाच मुळातून आलेले शब्द! एवढं आयतं असताना "नवरी पतंग" का नको?

पानगळ: नावं गोड आहेत पण रानभूलना ओळख नीट पोचवायचीय. पुस्तिकेत नेमकी कुठली जात आहे? लाल म्हणून भागत नाही. मागच्या पंखावर दोन काळे पट्टे असतात, त्यातला आतला बघायचा. नुप्टामध्ये तो जरासा वाकलेला असतो, स्पॉन्सामध्ये ठळक नागमोडी. दोन्ही बंद पंखांनी बसले तर पट्टा दिसणारच नाही, मग झाडाझुडपावरून अंदाज. नुप्टाच्या अळ्या विलो आणि पॉप्लरवर वाढतात (आपलं वाळुंज विलोच्याच जातकुळीतलं), म्हणून ती नदीकाठी, ओलसर जागी, पॉप्लर लावलेल्या बागांतही. स्पॉन्साला ओक लागतो, तोही जुन्या ओकांचं जंगल. फ्राक्सिनी ही कॅटोकालाचीच आणखी एक जात, मोठी, काळ्या मागच्या पंखावर निळसर पट्टा, तिच्या अळ्या पॉप्लरच्या जातीवर, नावात ॲश झाड असलं तरी.

एक जपा, नॉक्टुआ प्रोनुबा हिलाही इंग्रजीत अंडरविंगच म्हणतात, मागचे पंख पिवळे, पण ती कॅटोकाला नाही, कुळ वेगळं. म्हणजे शब्द कुठलाही घ्या, तो दोघींना लागू पडेल आणि पुस्तिकेत ते लिहावं लागेल.

उंबरठा: प्रोनुबा म्हणजे रोमन लग्नात नवरीची पाठराखीण! बघा, तीही लग्नातलीच.

मुरमाड: पानगळ, हे पंख उघडण्याचं कारणही शब्दात यायला हवं असं मला वाटतं. पक्षी टोचायला आला की पुढचे पंख फटकन पुढे सरकतात, लाल-काळं अंगावर आल्यासारखं होतं, पक्षी दचकतो, तेवढ्यात पतंग उडतो. "दचकपंखी" कसं वाटतं?

पश्चिमवारा: शास्त्रीय पुस्तिकेत दचकपंखी नको हो. आणि पानगळ, अळ्या की सुरवंट? तुम्ही अळ्या लिहिलंय.

पानगळ: अळ्याच. अंगावर दाट केस असले तर सुरवंट, नसले तर अळी. कॅटोकालाच्या अंगावर तसे केस नसतात, फक्त दोन्ही कडांना खालच्या बाजूने तंतूंची झालर असते. फांदीला चिकटून बसली की झालर फटीवर पसरते, सावली पडत नाही आणि अळीची कड कुठे संपली ते कळत नाही.

मुरमाड: झालर म्हणजे केसच ना शेवटी? आमच्याकडे मोठी दिसली की सुरवंट, बारीक असली की अळी, केस मोजत कोणी बसत नाही.

पश्चिमवारा: मग रेशमाच्या किड्याला काय म्हणणार? पूर्ण वाढलेला चांगला बोटभर होतो, अंगावर केस नाहीत, आणि त्याला सुरवंट म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

रानभूल: पानगळ, जात नुप्टाच आहे, तुमचा वाकलेल्या पट्ट्याचा मुद्दा घेते. पण या झालरीला वेगळा शब्द आहे का? मूळ मजकुरात पुढच्याच पानावर ती आलीय.