टास्क अपडेट करायचं टूल एआय एजंटसाठी डॉक्युमेंट कसं करावं? (१५० शब्दांच्या आत)

अर्धा_कप: मंडळी, सल्ला हवाय. आमच्या टास्क ट्रॅकरमधलं 'अपडेट टास्क' हे टूल एमसीपी (एजंटला बाहेरची टूल्स जोडायचा प्रोटोकॉल) सर्व्हरवरून एजंटला दिलंय. फील्ड्स पाचच: आयडी, नाव, तपशील, स्टेटस, ड्यू डेट. परवा एजंटला म्हटलं फक्त तारीख शुक्रवार कर, तर त्याने तारीख केली आणि जोडीला तपशील रिकामा पाठवला, तीन आठवड्यांच्या नोंदी साफ. वर सांगतो काय, 'टास्क यशस्वीरीत्या अपडेट केला आहे'. आता वर्णन नीट लिहायचंय. अट एकच, १५० शब्द. तीसेक टूल्स आहेत आणि सगळ्यांची वर्णनं दर वेळी कॉन्टेक्स्टमध्ये (एजंट एका वेळी वाचतो त्या मजकुरात) जातात. काय लिहू, काय गाळू?

रात्रपाळी: १५० शब्द विसरा. माझं वर्णन साडेआठशे शब्दांचं आहे, प्रत्येक फील्डला दोन उदाहरणं, एक बरोबर एक चूक. वर्षभर एक तक्रार नाही.

चिंचोका: स्टेटसला एनम (चालणाऱ्या व्हॅल्यूंची ठरलेली यादी) दिलाय का आधी ते सांगा. आमच्याकडे नुसती स्ट्रिंग (कसलाही मोकळा मजकूर) होती. एजंटने एकदा 'डन' पाठवलं, एकदा 'कम्प्लीटेड', आणि मी मराठीत बोललो त्या दिवशी 'झालं'. बोर्डावर तीन नवे कॉलम उगवले आणि मॅनेजर मला विचारतोय 'झालं' हा कुठला स्टेज.

कलम_क्रमांक: मूळ घोळ वेगळाच आहे. तुमचं टूल पॅच (पाठवलेलंच बदलणारं) आहे की पुट (सगळंच नव्याने लिहिणारं), हे एजंटला कुठे सांगितलंय? इंटरनेटच्या मानकांपैकी आरएफसी ७३९६ (२०१४, जेसन मर्ज पॅच) बघा: फील्ड पाठवलंच नाही तर ते जसंच्या तसं राहतं, नल ('काहीच नाही' ही व्हॅल्यू) पाठवलं तर काढून टाकलं जातं. रिकामी स्ट्रिंग मात्र साधी व्हॅल्यू, ती जुन्या मजकुरावर बसणारच. मॉडेलला फॉर्म दिसला की सगळे रकाने भरायची हौस असते.

टिंबटिंब: मर्ज पॅच कशाला, आरएफसी ६९०२ (जेसन पॅच) वापरा, त्यात प्रत्येक बदल स्वतंत्र ऑपरेशन असतो, शिवाय आधीची व्हॅल्यू तपासणारं 'टेस्ट' ऑपरेशनपण आहे.

कलम_क्रमांक: पाच फील्ड्सच्या टूलसाठी मॉडेलला प्रत्येक फील्डचा पाथ (पत्ता) लिहायला लावणार? धन्य आहे.

टिंबटिंब: मी लावतो. चालतं.

चिंचोका: तुमचं भांडण वेगळ्या धाग्यावर न्या बुवा.

जुनी_चप्पल: डिस्ट्रक्टिव्ह हिंट (हे टूल काही पुसू शकतं अशी खूण) टाका, एमसीपीत त्यासाठीच दिलीये. विषय संपला.

कलम_क्रमांक: नाही संपत. ती क्लायंटला दिलेली नुसती सूचना आहे, सर्व्हर त्याने काही अडवत नाही. आणि रीड-ओन्ली नसलेल्या टूलला ती काही न लिहिताच हो धरली जाते.

मधली_सुट्टी: तारखेचं कोणीच बोललं नाही. 'शुक्रवार' म्हणजे कुठला? आणि ०५/०६ म्हणजे पाच जून का सहा मे? आयएसओ ८६०१, वर्ष-महिना-दिवस, असं फील्डच्या वर्णनातच लिहा, टूलच्या वर्णनात नको. एजंटला आजची तारीख कुठून कळते तेही बघून घ्या, आमचा जुन्याच वर्षात रमला होता.

बिनपगारी: वर्णनापेक्षा एरर मेसेज लिहायला वेळ द्या असं माझं मत, कारण एजंट तोही वाचतो. आमचं टूल नुसतं '४००' (विनंती चुकीची) म्हणायचं, तर पठ्ठ्याने तोच कॉल अकरा वेळा मारला. नंतर तिथे 'या आयडीचा टास्क नाही, आधी शोध टास्क हे टूल वापर' एवढं लिहिलं आणि दुसऱ्या फटक्यात काम. आणि उत्तरात 'ओके' नको, आधी काय होतं आणि आता काय आहे ते परत द्या, म्हणजे 'यशस्वीरीत्या' म्हणताना त्याला निदान दिसेल तरी काय पुसलंय.

सदा_ऑनलाइन: पूर्ण धागा वाचला नाही, पण एनम टाका.

रात्रपाळी: उदाहरणं टाका हो, मी आधीच सांगितलंय. साडेआठशे शब्द.

अर्धा_कप: सगळ्यांचे आभार. उदाहरणं नाही टाकली, आरएफसी कुठलाच नाही. सर्व्हरच बदलला, तपशील रिकामा आला तर कॉल सरळ परत, 'तपशील बदलायचा नसेल तर ते फील्ड गाळ' असं सांगून. वर्णन आता एवढंच: 'अस्तित्वात असलेल्या एका टास्कची फील्ड्स बदलतं. नवीन टास्क बनवत नाही. आयडी माहीत नसेल तर आधी शोध टास्क वापर, अंदाजाने भरू नकोस. फक्त बदलायची फील्ड्स पाठव, गाळलेली आहेत तशी राहतात.' बिनपगारी, आधी-आता वालं तुमचं घेतलंय. तारखेचं फील्डच्या वर्णनात टाकलं.

कलम_क्रमांक: आणि कोणाला खरंच तपशील पुसायचा असेल तर?

अर्धा_कप: स्वतः येऊन पुसावा, हाताने.

रात्रपाळी: एकही उदाहरण नाही. परत याल इथे.

सदा_ऑनलाइन: एनम टाकला का?