मदत हवी आहे: नव्या गाडीवर स्टिकर लावू की नको?

नमस्कार मंडळी. पांढरी वॅगनआर घेऊन दोन महिने झाले. पोरगा मागं लागलाय, मागच्या काचेवर सिद्धेश्वर महाराजांचं मोठं स्टिकर पाहिजे. बायकोला बाजूनं पट्टे हवेत. माझा जीव रंगात अडकलाय. आपल्याकडं सोलापुरात एप्रिल-मेत पारा ४० च्या वर, आणि गाडी दिवसभर होटगी रोडला उघड्यावर उभी. जुन्या गाडीचं स्टिकर चार वर्षांनी काढलं, तर गोंद दगडासारखा वाळलेला आणि खाली रंगाचा वेगळाच ठसा. मागच्या काचेला आतून लावलेलं स्टिकर ब्लेडनं खरवडताना डिफॉगरच्या (काचेवरचं धुकं घालवणाऱ्या) दोन रेघाही गेल्या. (तो शहाणपणा माझाच!)

मागच्या काचेतून ७० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे, हा नियम माहीत आहे. मग बारीक छिद्रांचं जाळीदार स्टिकर लावून कुणाला पावती फाडावी लागली का? नंबरप्लेटला हात लावणार नाही, ते पक्कं. हेअर ड्रायरनं गरम करून काढलं तर रंग खरंच वाचतो का? आणि सात रस्त्याच्या आसपास चांगलं व्हिनाइल (स्टिकरचा प्लास्टिकचा कागद) वापरणारा कुणी असेल तर भावासकट सांगा. सिद्धेश्वर महाराजांच्या गड्ड्याच्या यात्रेआधी पोराला उत्तर द्यायचंय.