प्रत्येकी दोनच गाणी

मित्रांच्या आवडीची वर्षाची गाणी गोळा करताना प्रत्येकाने किती द्यायची, असा प्रश्न पडतोच. माझ्या मते दोनच. आम्ही दारव्ह्याकडचे नऊ जण दर संक्रांतीला हे करतो. हा आकडा कॅसेटच्या काळातला. ९० मिनिटांच्या कॅसेटला एका बाजूला ४५ मिनिटं, पाच मिनिटांचं गाणं धरलं तर नऊ. दोन बाजू मिळून अठरा, म्हणजे नऊ जणांना प्रत्येकी दोन. "माह्यं शेवटी नको टाकू गड्या, कापल्या जाते," हे भांडण ठरलेलं असायचं.

आता पेनड्राइव्हवर शेकडो गाणी मावतात, पण नियम सोडला नाही. दोनच म्हटलं की माणूस विचार करतो. गेल्या साली एकाने आठ दिवस घेतले. कापूस वेचणीच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानावर, सात नावं लिहून पाच खोडली होती. ते पान मी मागून घेतलं, जपून ठेवलंय.

जुनी गाणी हळू वाजतात, नवी अंगावर येतात. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणून घ्या. क्रमही बघा. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनानंतर लगेच डीजेचं गाणं आलं तर दोन्ही वाया जातात.

आणि हे नक्की करा: गाणं का निवडलं ते ज्याच्या त्याच्या आवाजात दोन वाक्यं रेकॉर्ड करून गाण्याआधी जोडा. आमच्यातला एक आता नाही. त्याची मुलगी त्या वर्षीचा पेनड्राइव्ह मागून घेऊन गेली, तेवढी दोन वाक्यं ऐकायला.