मदत हवी आहे : सांगलीत राहणाऱ्या अभियंत्याने पगाराचे उद्दिष्ट किती ठेवावे?

नमस्कार. मी सांगलीत राहते आणि कुपवाड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात गुणवत्ता विभागात अभियंता आहे. वय ३१. पदविकेनंतर थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेऊन मी यांत्रिकी शाखेची पदवी घेतली. सध्या माझे वार्षिक पॅकेज सहा लाख रुपये असून भविष्य निर्वाह निधी आणि व्यवसाय कर वजा जाता दरमहा साडेबेचाळीस हजारांच्या आसपास रक्कम खात्यावर जमा होते. चाकणच्या एका कंपनीने मला नऊ लाख साठ हजारांचे पॅकेज देऊ केले आहे. त्यावर विचार करताना असे जाणवले की पुढच्या दहा-बारा वर्षांत आपण कोठपर्यंत पोहोचायचे याचा विचारपूर्वक ठरवलेला आकडा हाताशी असल्याशिवाय समोर आलेली कोणतीही नोकरी आपल्यासाठी चांगली की वाईट हे सांगता येत नाही. तो आकडा ठरवण्यासाठी जाणकारांची मदत हवी आहे.

माझ्या बरोबरीच्या बहुतेकांच्या तोंडी ‘महिन्याला एक लाख’ हे उद्दिष्ट असते. ते ऐकायला मोठे वाटते, पण कोणत्या वर्षी आणि कोणत्या गावात हे कोणी सांगत नाही. महागाई दरवर्षी सरासरी सहा टक्के धरली, तर ७२ भागिले ६ या सोप्या हिशेबाने बारा वर्षांत पैशाचे मोल निम्म्यावर येते. म्हणजे मी त्रेचाळीस वर्षांची असताना मिळणारे एक लाख आजच्या पन्नास हजारांइतकेच असतील. साडेबेचाळीस हजारांवरून बारा वर्षांत एक लाखावर जायला दरवर्षी साधारण साडेसात टक्के वाढ पुरते. आमच्याकडे एप्रिलमध्ये जवळजवळ तेवढीच वाढ मिळते. याचा सरळ अर्थ असा की मी काहीही न करता, याच खुर्चीवर बसून, ‘एक लाखाचे’ उद्दिष्ट बहुधा गाठीन, आणि तरीही माझ्या घराची परिस्थिती आजच्यापेक्षा जेमतेम सुधारलेली असेल. हे गणित मांडल्यापासून तो आकडा मी बाजूला ठेवला आहे.

त्याऐवजी मी गरजेपासून सुरुवात केली. आमच्या घरी सासू-सासरे, आम्ही दोघे आणि पाच वर्षांची मुलगी अशी पाच माणसे आहेत. यजमान महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतात; त्यांचे मानधन तासांवर अवलंबून असल्याने आणि सुट्टीच्या काळात ते थांबत असल्याने मी ते नेमाने येणाऱ्या उत्पन्नात धरत नाही. आजच्या किमतीने घरखर्चाला २८,००० रुपये, मुलीच्या शिक्षणाला ६,०००, आरोग्य विमा आणि आजारपणाला ६,०००, घराच्या विस्तारासाठी कर्ज काढल्यास हप्त्याला १५,००० आणि म्हातारपणाच्या तरतुदीला १५,००० अशी बेरीज सत्तर हजारांवर जाते.

शेवटच्या रकमेबद्दल थोडे विस्ताराने सांगते, कारण माझ्या मनात खरी काळजी तिचीच आहे. सासरे सहकारी साखर कारखान्यातून निवृत्त झाले. आयुष्यभर पाळ्या केलेल्या या माणसाला कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेतून महिन्याला दोन हजारांच्या आतच रक्कम मिळते. या योजनेत निवृत्तिवेतनाचा हिशेब साधारणपणे १५,००० रुपयांच्या वेतनमर्यादेवर होतो आणि सेवेच्या वर्षांना ७० ने भागले जाते, त्यामुळे माझ्यासारखीने पस्तीस वर्षे नोकरी केली तरी हाती साडेसात-आठ हजार रुपयेच येतील. सरकारी नोकरी नसलेल्या माणसाचे म्हातारपण त्याच्या पगारातूनच उभे राहते, हे मी रोज घरात पाहते. म्हणून पगाराच्या उद्दिष्टाकडे मी हौस किंवा प्रतिष्ठा म्हणून पाहत नाही.

आजचे सत्तर हजार म्हणजे बारा वर्षांनंतरचे एक लाख चाळीस हजार. तेथे पोहोचायला दरवर्षी सुमारे साडेदहा टक्के वाढ लागेल. एका जागी राहून ती मिळणार नाही, हे मला समजते. एक-दोन मोठ्या उड्या घ्याव्याच लागतील. चाकणची नोकरी त्यातली पहिली उडी आहे का, एवढे मला ठरवता येत नाही.

कारण पॅकेजची फोड केल्यावर चित्र बदलते. ८०,००० रुपये महिना या रकमेत दहा टक्के, म्हणजे ८,००० रुपये, कामगिरीवर अवलंबून असून ते वर्षाअखेरीस मिळणार आहेत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत एकूण मोबदल्याच्या किमान निम्मी रक्कम वेतन म्हणून धरली जाते, त्यामुळे मी मूळ वेतन ४०,००० धरले आहे. त्यावर मालकाच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी ४,८००, उपदानाची (ग्रॅच्युइटीची) तरतूद सुमारे १,९००, गटविम्याचा हप्ता हजारभर, पुन्हा माझ्या वाट्याचे ४,८०० आणि व्यवसाय कर २०० वजा केले की हातात ५९,००० च्या आसपास उरतात. प्राप्तिकर नव्या पद्धतीत लागणार नाही, कारण पगारदारांना पाऊण लाखाच्या प्रमाणित वजावटीसह पावणेतेरा लाखांपर्यंत कर शून्य आहे. मोशी-भोसरीकडे दोन खोल्यांच्या घराचे भाडे अठरा-वीस हजार सांगतात. भाडे दिल्यावर उरणारे चाळीस हजार सांगलीतल्या स्वतःच्या घरात राहून मिळणाऱ्या साडेबेचाळीस हजारांपेक्षा कमीच आहेत. शिवाय मुलीला सांभाळायला आजी-आजोबा जवळ नसतील आणि यजमानांचे तास सुटतील.

तरीही नकार द्यायला मन धजत नाही. आज मागे राहिलेला पगार पुढच्या प्रत्येक पगाराचा पाया होतो. चौथ्या नोकरीच्या मुलाखतीतही ‘सध्या किती मिळतात’ हाच पहिला प्रश्न विचारतात.

म्हणून आपणा सर्वांना विचारते. मिरज, कुपवाड, किर्लोस्करवाडी, कराड, सातारा, शिरवळ या पट्ट्यात गुणवत्ता किंवा उत्पादन विभागात पंधरा-वीस वर्षे काढलेल्यांचा हातात येणारा पगार प्रत्यक्षात कोठे पोहोचतो? आजचे सत्तर हजार येथे राहून मिळणे शक्य आहे का, की त्यासाठी काही वर्षे बाहेर जाऊनच यावे लागते? आणि बाहेर गेलेल्यांना परत येताना तो पगार टिकवता आला का? आकडे सांगताना पॅकेजऐवजी हातात येणारी रक्कम, अनुभवाची वर्षे आणि गाव सांगितले तर तुलना करता येईल. कंपनीचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही.

प्रतिसाद : शिरवळहून, उत्पादन क्षेत्रातील एक ज्येष्ठ

ताई, आपण हिशेब फार नीट मांडला आहे. मी मूळचा साताऱ्याचा. नोकरीची पहिली वर्षे कोडोलीच्या वसाहतीत, मधला काळ पिंपरीत आणि आता शिरवळला, असा माझा प्रवास झाला आहे. आपल्याच क्षेत्रात बावीस वर्षांच्या अनुभवावर आज माझ्या हातात एक लाख दहा हजार येतात. साताऱ्यातच थांबलेल्या माझ्या दोन समवयस्कांना सत्तर ते पंच्याहत्तर हजार मिळतात. त्यामुळे आपले उद्दिष्ट येथे अशक्य आहे असे मी म्हणणार नाही, पण ते आपल्याला वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हवे आहे आणि आमच्यापैकी जे थांबले त्यांना तेथे पोहोचायला पन्नाशी जवळ आली.

फरक कशाने पडला हे सांगतो. तपासणी करणाऱ्या अभियंत्याच्या पगाराला आपल्या भागात एक मर्यादा असते, कारण ते काम शिकलेली मुले दरवर्षी वालचंद, कराड, साखराळे येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांतून बाहेर पडतात. पुरवठादारांची गुणवत्ता सांभाळणाऱ्या, ग्राहक कंपनीसमोर उभे राहून दोषाचे मूळ कारण सिद्ध करणाऱ्या आणि आयएटीएफ १६९४९ या वाहन उद्योगाच्या गुणवत्ता मानकाचे अंतर्गत लेखापरीक्षण करू शकणाऱ्या माणसाला मात्र कारखाना सहसा सोडत नाही. चाकणला आपल्याला यांपैकी काय करायला मिळणार आहे, हे पगाराआधी विचारा. तेथे पुन्हा सीएमएम या मापे तपासणाऱ्या यंत्रासमोरच बसवणार असतील तर ५९,००० साठी घर मोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पुरवठादारांची जबाबदारी देणार असतील, तर पहिली तीन वर्षे शिल्लक कमी पडली तरी जावे. तो अनुभव घेऊन परत येणाऱ्याचा पगार येथले मालक कमी करत नाहीत. मला स्वतःला तो वाढवून मिळाला.

हिशेबातल्या एका गोष्टीकडे लक्ष वेधतो. भाडे वजा करून आपण चाकणची शिल्लक कमी दाखवली आहे, पण निधीत जमा होणारी रक्कम मोजलेली नाही. सध्या आपले मूळ वेतन २५,००० असेल तर दोन्ही बाजू मिळून ६,००० जातात, तेथे ९,६०० जातील. हे जादा ३,६०० रुपये सव्वाआठ टक्के व्याजाने बारा वर्षांत साडेआठ लाखांच्या आसपास होतात. म्हातारपणाची जी काळजी आपण लिहिली आहे, तिचे उत्तर काही अंशी येथेच आहे. मात्र कंपनी निधी पूर्ण मूळ वेतनावर कापते की १५,००० च्या मर्यादेवर १,८०० रुपयेच, हे लेखी विचारून घ्या. पुष्कळ ठिकाणी दुसरा प्रकार चालतो.

आणि सध्याच्या कारखान्यात आपली किती वर्षे झाली? कायम कामगाराला उपदानासाठी पाच वर्षांची सलग सेवा लागते. काही महिने कमी पडत असतील तर रुजू होण्याची तारीख पुढे मागून घ्यावी. २५,००० मूळ वेतनावर पंधरा भागिले सव्वीस या सूत्राने पाच वर्षांचे ७२,००० रुपये होतात.

प्रतिसाद : सांगलीहून, महाविद्यालयीन अध्यापिका

आपल्या यजमानांच्या उत्पन्नाला आपण शून्य धरले आहे. तासिका तत्त्वाची अनिश्चितता मी स्वतः भोगली असल्यामुळे तसे धरण्यामागची सावधगिरी मला पटते, तरी संपूर्ण सत्तर हजारांचे ओझे एकट्या आपल्या पगारावर ठेवणे मला योग्य वाटत नाही. त्यांची सेट किंवा नेट ही अध्यापकपदाची पात्रता परीक्षा झाली असेल तर पुणे परिसरातील खासगी विद्यापीठांत त्यांना नियमित पद मिळू शकते, आणि मग चाकणचे गणित दोन पगारांचे होते. झाली नसेल, तर तो अभ्यास हादेखील घराच्या उत्पन्नवाढीच्या योजनेचाच भाग समजावा. पाळणाघराबद्दलही विचारून घ्या. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला ती सोय करणे मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीनंतर बंधनकारक आहे. पाच वर्षांच्या मुलीला ते घेतात का, हे मात्र कंपनीगणिक वेगळे असते.

धागाकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. कामाचे स्वरूप आधी विचारावे, ही सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटली. मी कंपनीला तसा ईमेल केला आणि पुरवठादार गुणवत्तेचे काम सहा महिन्यांच्या परिविक्षेनंतर (प्रोबेशननंतर) देऊ, असे उत्तर आले. हे नियुक्तिपत्रात लिहून द्यावे अशी विनंती मी केली आहे. निधी पूर्ण मूळ वेतनावर कापला जाईल, हे त्यांनी मान्य केले.

माझी पाच वर्षे येत्या फेब्रुवारीत पूर्ण होतात, त्यामुळे मार्चमध्ये रुजू होण्याची मुभा मागितली आहे. यजमानांची नेट झालेली आहे. त्यांनी मोशी-आकुर्डी भागात अर्ज करायला सुरुवात केली असून त्यांना पद मिळेपर्यंत मुलीला सांगलीतच आजी-आजोबांजवळ ठेवावे की सोबत न्यावे, यावर घरात चर्चा चालू आहे.

आता एक नेमका प्रश्न उरला आहे. बदलता ८,००० रुपयांचा भाग कमी करून तो ठरीव पगारात घ्यावा, अशी मागणी मला करायची आहे, म्हणजे ५९,००० ऐवजी हातात साधारण ६७,००० येतील. नियुक्तिपत्र हाती येण्यापूर्वी ही मागणी करावी की परिविक्षा संपल्यावर, आणि पूर्ण ८,००० मागावेत की निम्मे, याबाबत ज्यांनी अलीकडे अशी बोलणी केली आहेत त्यांनी आपला अनुभव कृपया लिहावा.