'रॅश' म्हणजे नेहमी पुरळच का?

शंका

आरोग्यविषयक मजकुराचं मराठी करते आहे. त्यात 'व्हायरल रॅश' वीसेक वेळा येतं. मी सगळीकडे 'विषाणूजन्य पुरळ' लिहिलं. आता वाचताना गोवरालाही पुरळ, कांजिण्यांनाही पुरळ, नागिणीलाही पुरळच, हे खटकतंय. शिवाय 'पुरळ उठले' की 'पुरळ उठली'? आणि एका जुन्या मजकुरात चिकनपॉक्सला 'देवी' म्हटलेलं दिसलं. तसं चालेल का?

प्रतिसाद

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ती चूक सर्वांत महागात पडते. अजिबात चालणार नाही. देवी म्हणजे स्मॉलपॉक्स. जागतिक आरोग्य संघटनेनं १९८० साली तो रोग जगातून नाहीसा झाल्याचं जाहीर केलं. चिकनपॉक्स म्हणजे कांजिण्या, आणि त्या आजही घरोघर येतात. दोन्हींचे विषाणू वेगळे, फोडही वेगळे. देवीचे फोड चेहऱ्यावर आणि हातापायांवर दाट असत आणि अंगाच्या एका भागावरचे सगळे फोड एकाच अवस्थेत दिसत. कांजिण्या पोटापाठीवर जास्त असतात आणि टप्प्याटप्प्यानं येतात. त्यामुळे एकाच पाठीवर कुठे लाल ठिपका, कुठे पाण्यानं भरलेला फोड आणि कुठे खपली दिसते. 'देवी काढणे', म्हणजे देवीची लस टोचणे, हा जुना वाक्प्रचार तेवढा मागे उरला.

आता पुरळ. शब्द नपुंसकलिंगी, म्हणून 'पुरळ उठले', बोलताना 'उठलं'. काही जणांच्या तोंडी 'उठली' येतं, पण लेखनात नपुंसकच ठेवा. माझ्या कानाला पुरळ म्हणजे बारीक, दाट, लालसर असं काहीतरी. एकेक दाणा मोजावा असं नव्हे, सगळं मिळून पुरळ. गोवर आणि रुबेला यांना तो चपखल बसतो. कांजिण्यांना मात्र फोडच म्हणा, आणि खपलीचा उल्लेख गाळू नका. सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत दुसऱ्याला लागण होऊ शकते, हे वाचणाऱ्याला त्या एका शब्दावरून कळतं.

क्रियापदंही जपा. पुरळ उठतं, फोड येतात, गोवर येतो किंवा निघतो, नागीण उठते. गोवराचं पुरळ बहुधा कानामागून आणि चेहऱ्यावरून सुरू होऊन खाली पसरतं. त्याच्या आधी तीन-चार दिवस ताप, सर्दी, खोकला आणि लाल डोळे असतात. म्हणून 'ताप आधी की पुरळ आधी' हा प्रश्न मजकुरात असेल तर क्रम उलटू देऊ नका.

प्रतिसाद

नागिणीबद्दल थोडी भर. नागीण हा निराळा जंतू नाही. कांजिण्यांचाच विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी वर्षानुवर्षं दडून राहतो आणि पुढे कधीतरी जागा होतो. मग शरीराच्या एकाच बाजूला, त्या मज्जातंतूच्या वाटेनं, फोडांचा पट्टा उमटतो. वेदना कधी कधी फोडांच्या आधीच सुरू होतात. पट्टा सापासारखा वळत जातो म्हणून नागीण, हे नाव पटतं. गंमत अशी की नागिणीच्या 'हर्पीस झोस्टर' या वैद्यकीय नावातला 'हर्पीस' हा शब्द ग्रीकमधल्या 'सरपटणे' या अर्थाच्या क्रियापदापासून आला आहे आणि आपल्या 'सर्प'शी त्याचं खरोखरच भाषिक नातं आहे. पण याच नावामुळे 'विळखा पुरा झाला की माणूस जातो' अशी भीती पसरली. तसं काही होत नाही. भाषांतरात नागीण शब्द वापरलात तर हे एक वाक्य जोडाच.

शंका विचारणारी

फार उपयोग झाला. 'रुबेला'ला 'जर्मन गोवर' लिहू का?

प्रतिसाद

मी लिहिणार नाही. रुबेला हा गोवराचा प्रकार नाही, विषाणूच वेगळा आहे. 'आम्हाला गोवर होऊन गेलाय' म्हणून कुणी निर्धास्त राहिलं तर घात होईल, कारण गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, रुबेला झाल्यास बाळाच्या डोळ्यांना, कानांना आणि हृदयाला इजा होऊ शकते. नावात 'गोवर' नकोच.

'विषाणूजन्य पुरळ' सगळीकडून काढू नका. नेमका कोणता विषाणू हे मूळ मजकुरातही सांगितलेलं नसेल तिथे तेच बरोबर आहे. काही वेळा विषाणूसंसर्गानं मुलांच्या अंगावर गांधी उठतात, त्यांना गांधीच म्हणा. त्या फुगीर असतात, खाजतात आणि काही तासांत जागा बदलतात.

आणखी एक जागा तपासा. काचेच्या पेल्यानं दाबलं तरी जे डाग फिके होत नाहीत, त्यांना 'पुरळ' लिहिलं असेल तर तिथे 'त्वचेखाली रक्त उतरल्याचे डाग' असं करा. असे डाग तापासोबत दिसले तर तातडीनं दवाखाना गाठायचा असतो, आणि 'पुरळ' वाचून माणूस दोन दिवस वाट पाहील.