‘प्रोव्हेनन्स’ला मराठीत काय म्हणाल?

प्रश्न
मंडळी, मूर्तिचोरीवरचा एक लेख मराठीत करतेय आणि ‘प्रोव्हेनन्स’पाशी अडलेय, म्हणजे कलावस्तू घेताना तपासतात तो तिचा आधीचा इतिहास. प्रसंग असा : तमिळनाडूत श्रीपुरंदन नावाच्या गावातल्या देवळातून चोळकालीन नटराज चोरीला गेला. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीने तो 2008 मध्ये न्यूयॉर्कचा विक्रेता सुभाष कपूर याच्याकडून 50 लाख अमेरिकी डॉलरना घेतला, आणि घेण्याआधी ‘प्रोव्हेनन्स’ पाहिला. ‘उगम पाहिला’ लिहिलं की नदीच डोळ्यांपुढे येते. काय लिहू?

प्रतिसाद
‘पूर्वपीठिका’? नाहीतरी मूर्तीला पीठिका असतेच.

प्रतिसाद
कोटी छान, शब्द नाही. पूर्वपीठिका घटनेला असते, वस्तूला नव्हे. ‘उगम’ तर इथे अर्थानेच चुकतो. मूर्ती तमिळ देशातली, चोळांच्या काळातली, हे कोणी लपवलंच नव्हतं. उलट त्याचेच तर पैसे होते. खोटं होतं ते पुढचं : मूर्ती कोणाकडून कोणाकडे आणि कधी गेली. कागद असे होते की दिल्लीत राहिलेल्या एका सुदानी राजनैतिक अधिकाऱ्याने ती 1970 मध्ये विकत घेतली. साल बघा. पुरावशेषांच्या निर्यातीवर निर्बंध घालणारा आपला सध्याचा कायदा 1972 चा, म्हणजे मूर्ती त्याआधीच बाहेर गेली असं दाखवलं की काम झालं! प्रत्यक्षात पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेकडे तिचा देवळातला फोटो निघाला, 1994 सालचा. चोळ कांस्यमूर्ती मेणाच्या नमुन्यावरून ओततात आणि साचा फोडूनच ती बाहेर काढतात. त्यामुळे दुसरी तंतोतंत तशी असू शकत नाही. फोटो जुळला म्हणजे तीच.

तेव्हा शब्द ‘कुठून आली’चा नको, ‘कोणाच्या हातून आली’चा हवा.

प्रतिसाद
मग तो तलाठ्याच्या दप्तरात आहेच की. माझे वडील तलाठी होते, लहानपण त्या बस्त्यांमध्ये गेलं. जमीन विकली, वाटणी झाली, वारस लागले की गाव नमुना 6 मध्ये नोंद पडते, ती फेरफार. तेव्हा सातबाऱ्यावर जुन्या मालकाच्या नावाला कंस व्हायचा, खाली नवं नाव चढायचं आणि शेजारी गोलात फेरफाराचा क्रमांक. एकेक गोल धरून मागे जात राहायचं. ‘मूर्तीचे फेरफार तपासले’ म्हटलं तर माझ्या आईलाही कळेल.

प्रतिसाद
कल्पना झकास, पण वकील म्हणून एक खोडा घालतो. फेरफार नोंदीने मालकी मिळत नाही. ती महसुलासाठीची नोंद. मालकी सिद्ध करायची तर खरेदीखत दाखवा, वारसा दाखवा.

प्रतिसाद (तलाठ्याची मुलगी)
वकीलसाहेब, खोडा कसला, तुम्ही तर माझीच बाजू बळकट केलीत. कागदावर नावं ओळीने लागली म्हणून माल त्यांचाच होता असं थोडंच?

प्रतिसाद
फेरफारचा दुसरा अर्थ ‘ढवळाढवळ, बदल’ हाही आहे. ‘मूर्तीत फेरफार’ वाचून लोकांना हात तोडून नवा बसवल्यासारखं वाटेल. मी ‘मालकीची साखळी’ म्हणेन. साखळीतली कडी निखळली, कडी खोटी निघाली, हे सगळं पुढे सहज जमतं.

आणि वस्तू जिथे सापडली त्या जागेसाठी पुरातत्त्वाची मंडळी ‘प्राप्तिस्थान’ वापरतात, ते वेगळं ठेवा. गंमत अशी की मराठी पुस्तकांवर ‘प्राप्तिस्थान : अमुक बुक डेपो’ असतं, म्हणजे विकत कुठे मिळेल ते. लुटलेल्या मूर्तीच्या बाबतीत दोन्ही अर्थ सारखेच उपयोगी!

प्रतिसाद
लेखात चोरी, लूट, तस्करी अदलाबदलीने येत असतील तर तेही बघा. संस्कृतात तस्कर म्हणजे चोरच, पण मराठीत आज तस्करी म्हणजे चोरटी नेआण. स्वतःच्या देवघरातली शंभर वर्षांपूर्वीची, पुरावशेष ठरणारी मूर्ती मालकाने गुपचूप परदेशी धाडली तर ती चोरी नाही, तस्करी आहे. श्रीपुरंदनला दोन्ही झालं. ‘लूट’ तर इंग्रजांनी आपल्याकडूनच उचलला, आणि परत द्यायचं काही नाव नाही.

प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. ‘मालकीची साखळी’ घेतेय, आणि पहिल्यांदा येईल तिथे ‘जणू मूर्तीचा सातबारा’ अशी जोड देते. आता शेवटचं वाक्य : 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाने नटराज भारताला… ‘प्रत्यार्पित केला’?

प्रतिसाद
प्रत्यार्पण आरोपीचं होतं. ते कपूरचं झालं, 2012 मध्ये जर्मनीतून. नटराज परत केला. ‘परत आणला’ मात्र जपून. साताऱ्याला 2024 मध्ये आलेली वाघनखं लंडनच्या संग्रहालयाने तीन वर्षांसाठी दिलेली, तरी सगळीकडे ‘परत आणली’च ऐकलं. तिथे ‘उसनी आणली’ म्हणायला हवं होतं, पण ते बॅनरवर कोण लिहिणार?